सबब

मी, करुणा अंकुश ओव्हाळ, वय वर्षे तेवीस,
धंदा नोकरी, राहणार दापोडी,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
बारावीनंतर मी कॉलेजात गेले नाही.

सबबी घरात ढीगभर होत्या:
पप्पांचा गुडघा, भावाचा आयटीआय,
खडकीच्या कारखान्यातलं सुटलेलं कंत्राट.
पण खरं सांगायचं तर
खळदकर मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं,
पगार किती घेशील?
असं मला आधी कुणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, सात. त्या म्हणाल्या, नऊ,
आणि दुपारचा चहा ऑफिसचा.

दापोडीला मेट्रो, सिव्हिल कोर्टला उतरायचं.
सरकत्या जिन्यावर काळे कोट दाटीनं उभे,
मधे मी, फायलींची पिशवी
पोटाशी धरून, झोपलेलं मूल उठू नये तशी.

ढमढेरे काकांनी शिकवलं.
त्यांची पद्धत अशी की शिकवायचं नाहीच.
दाभण कुठून घालायचं ते नुसतं दाखवायचं,
हिरव्या कागदाला समास किती,
कोणत्या टेबलापुढे नमस्कार
आणि कोणत्या टेबलापुढे नुसतं उभं राहायचं.
बेलिफाला आधी त्याच्या मुलीचं कसं चाललंय ते विचारायचं.
मुदतीचा शेवटचा दिवस रविवारी आला
तर सोमवार मिळतो,
पण झोप शुक्रवारीच उडाली पाहिजे.
"कायदा पुस्तकात असतो गं," ते म्हणत,
"तारीख माणसांकडे असते."

घरी सबब म्हणजे न केलेल्या कामावरचं पांघरूण.
कोर्टात सबब म्हणजे
एवढं सगळं झालं, म्हणून.
भिंत पडली, भाडं थकलं, धाकट्यानं सही दिली नाही,
सबब मे. कोर्टास विनंती की.
अख्खा दावा त्या एका शब्दावर वळतो,
लांब बस डेक्कनच्या कोपऱ्यावर वळते तसा,
आधी तोंड, मग सावकाश सगळं अंग.

यंदा शौनक आला, लॉच्या तिसऱ्या वर्षाचा.
बिनपगारी, सर्टिफिकेटसाठी.
त्याला कलमं पाठ, तीही इंग्रजीत.
पुरसिस म्हणजे काय
ते त्यानं मला जिन्यात, आवाज बारीक करून विचारलं.
मी सांगितलं. त्यानं क्रीमरोल दिला.
दोन वर्षांनी त्याला सनद मिळेल.
मुलगा वाईट नाही.

एका शुक्रवारी मॅडम म्हणाल्या,
विलायतेत म्हणे अठराव्या वर्षी ऑफिसात लागायचं,
पगार घेत सहा वर्षं काम करायचं,
परीक्षा द्यायच्या, की झालात सॉलिसिटर.
ढमढेरे काका चष्मा पुसत म्हणाले,
"चौतीस भागिले सहा. मग मी पाचदा झालो असतो.
वर चार उरली."
सगळे हसलो.
काका सगळ्यांत आधी थांबले.

मी टेबलाखाली बोटं मोजली.
चार वर्षं, पाच महिने.
मग रोजनाम्याची नक्कल आणायला गेले,
खिडकी साडेचारला बंद होते.

परवा मॅडमनी कोर्टात जो दावा वाचला
तो मी लिहिलेला. खाली सही त्यांची,
ते तसंच असतं.
मी मागच्या बाकावर, ओठ मिटून सोबत वाचत.
नवव्या परिच्छेदापाशी साहेबांनी मान वर केली.
"हे स्वच्छ लिहिलंय," म्हणाले.
मॅडम वळल्या नाहीत,
साहेबांकडे पाठ करायची नसते.
त्यांचा हात तेवढा मागे आला, उघडा.
मी त्यात पुढची फाईल ठेवली.
हात क्षणभर तिथेच राहिला,
किंवा मला तसं वाटलं.
हे शपथेवर सांगता येणार नाही.

बाकी वरील मजकूर
माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे.
सबब

इथून पुढचं टाईप केलेलं नाही.
कागद मशीनमध्येच आहे, हिरवा,
समास सोडलेला.